तुझ्या खोक्यातली पुस्तकं

प्रिय चिऊ,

तुझं ते डिस्टोपियाच्या, म्हणजे पुढच्या काळातल्या वाईट जगाच्या, पुस्तकांचं खोकं संपलं एकदाचं. एक अर्ध्यात टाकलंय, ते सांगते पुढे. जाताना म्हणाली होतीस ना, आई उगाच छान आहे छान आहे करू नकोस, खरं काय वाटलं ते सांग, तर आता ऐकून घे. फोनवर सांगायला गेलं की तू मीटिंगमध्ये असतेस नाहीतर मीच मुद्दा सोडून भाजीच्या भावावर जाते, म्हणून टाइप करतेय, एका बोटाने, काना मात्रा इकडचे तिकडे झाले तर तूच लावून घे.

आधी ऑर्वेलचं १९८४. सगळे सांगतात सगळ्यांवर नजर ठेवणारा बिग ब्रदर, टेलिस्क्रीन, शेवटी ते उंदीर. मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. आपल्या सोसायटीत सोळा कॅमेरे लागलेत आणि तरी परवा खालच्या काकूंच्या नातवाची सायकल गेलीच. उंदरांचं म्हणशील तर ऑफिसच्या स्टोअररूममध्ये मी चपलेने मारलेत. मला धस्स झालं ते त्यातल्या नायकाच्या, विन्स्टनच्या, नोकरीने, कारण ती माझीच नोकरी आहे गं, फक्त उलटी.

लहानपणी मे महिन्यात यायचीस ना पेपरच्या ऑफिसला, माझ्या कात्रण विभागात, डांबरगोळ्यांचा आणि खळीचा वास आठवत असेल. सत्तावीस वर्षं मी तेच केलं. सकाळी सात पेपर समोर घ्यायचे, लाल पेन्सिलने खुणा करायच्या, कापायचं, कोऱ्या कागदावर खळीने चिकटवायचं, तारखेचा शिक्का मारायचा, मग ज्याच्या त्याच्या पाकिटात टाकून रजिस्टरला नोंद. नेते, नट, धरणं, खून, कांदा, सगळ्यांची पाकिटं. कांद्याचं दर दोन वर्षांनी फाटायचं. कुणी मोठा माणूस दवाखान्यात अ‍ॅडमिट झाला की वरच्या मजल्यावरून फोन, ताई त्यांचं पाकीट काढून ठेवा बरं का, म्हणजे मृत्युलेखाची तयारी, आणि तो बिचारा आठवड्याने स्वतःच्या पायांनी चालत घरी जायचा. दुर्गा भागवतांचं पाकीट मी कधी खालच्या खणात ठेवलं नाही. १९७५ ला कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून बाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या, समोर यशवंतराव चव्हाण बसलेले. नवीन लागलेल्या प्रत्येक उपसंपादकाला मी ते पाकीट न मागता दाखवायचे.

आणि विन्स्टन काय करतो? तो पण जुने पेपरच काढून बसतो. सरकारने आधी सांगितलेलं असतं चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, मग ते तीस ग्रॅमवरून वीसवर आणायचं ठरतं, तर हा जुन्या अंकातलं आश्वासन काढून तिथे कमी करावं लागेल बहुतेक असं घालतो, अंक नव्याने छापला जातो आणि जुन्या प्रती भट्टीत. पुढे लोक रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल आभार मानतात. हे सगळं ठीक आहे, हे कुणीही सांगेल तुला. पण त्याला ते काम आवडतं हे कुणी सांगत नाही! ऑर्वेलने सरळ लिहिलंय की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद म्हणजे त्याचं काम. कॉम्रेड ओगिल्वी म्हणून एक कधी जन्मालाच न आलेला हुतात्मा तो बसल्या बसल्या तयार करतो, तीन वर्षांचा असताना ढोल, मशीनगन आणि खेळण्यातलं हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळण्यांना हात लावत नव्हता वगैरे, आणि जमलं म्हणून खूश. हे मी रात्री दोनला वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. का ते पुढे सांगते, तुला आजवर सांगितलेलं नाही.

बाकी ऑर्वेलबद्दल मला माया वाटायला लागलीय. आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला, २५ जून १९०३, बाप अफू खात्यात नोकरीला. २५ जून बघ, बहात्तर वर्षांनी त्याच तारखेला आपल्याकडे आणीबाणी लागली, योगायोगच, पण कात्रणं लावणाऱ्या बाईच्या डोक्यात असलं काहीतरी चिकटून बसतं. हे पुस्तक त्याने स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या बेटावर, जुरावर, संपवलं, टीबीने खंगलेला, तिथे यायला टायपिस्ट मिळेना म्हणून अंथरुणात पडून स्वतःच टाइप करत बसला. जून १९४९ ला पुस्तक आलं आणि जानेवारी १९५० मध्ये हा गेला, शेहेचाळीस वर्षांचा. मला वाटतं टायपिस्ट मिळाला असता तर थोडा जगला असता, पण मी डॉक्टर नाही.

फॅरनहाइट ४५१ मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आवडलं, भाषा जरा सजवून सजवून लिहिलीय तरी. तिथेही तेच, पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्या माँटॅगला जाळायला मजा येते, पहिल्याच वाक्यात. आणि त्याचा कॅप्टन सांगतो की बाबा हे सरकारने वरून लादलेलं नाही, आधी लोकांनीच वाचायचं सोडलं, त्यांना सगळं आखूड आणि सोपं हवं होतं, आमचा बंब नंतर आला. मी बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवलं, ते रील बघत होते, हं म्हणाले. माँटॅगची बायको झोपेतसुद्धा कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून पडलेली असते. १९५३ चं पुस्तक आहे. तुझी कानातली ती पांढरी बटणं मी काही बोलत नाही. हे लिहिणारा ब्रॅडबरी लायब्ररीच्या तळघरात भाड्याच्या टाइपरायटरवर बसायचा, अर्ध्या तासाला दहा सेंट टाकून. वाचताना कळतं, धाप लागल्यासारखं लिहिलंय.

ब्रेव्ह न्यू वर्ल्ड कल्पना म्हणून शंभर नंबरी, गोष्ट म्हणून कंटाळा. माणसं बोलत नाहीत, भाषणं देतात. लोकांना खूश ठेवणाऱ्या गोळीचं नाव मात्र सोमा ठेवलंय ते वाचून हसले, वेदातला सोम उचलून नेला थेट लंडनला. हंगर गेम्स दोन रात्रीत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी विसरले, ती मुलगी धीट आहे, आवडली, पण सोळा वर्षांच्या पोरीने सरकारशी पंगा घ्यायचा आणि मध्येच दोन मुलांपैकी कोण असा विचार करायचा, हे मला आपल्या सिरियलसारखं वाटलं, रागावू नकोस. द रोड टाकलं. वाईट आहे म्हणून नाही. तो बाप आणि ते पोर राखेतून चालत राहतात आणि मी पानापानाला मोजत बसले की आता ढकलगाडीत खायला किती उरलं, त्यांना एक कोकाकोलाचा डबा सापडतो आणि बाप तो पोराला पाजतो, तिथे मी थांबले. आई झालेल्या माणसाला कोण वाचायला देतं असलं?

आता अ‍ॅटवूड. द हँडमेड्स टेल. बाई म्हणतात माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी केलेलं नाही असं मी त्यात एक घातलं नाही, आणि ते जाणवतं, म्हणून ती पोकळ भीती वाटत नाही. सगळ्या बायकांची बँकखाती एका दिवसात बंद होतात तो भाग तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होतास. चांगलाच आहे. मागे आमची सहकारी बँक अडकली तेव्हा मी काउंटरसमोर तीन तास उभी होते, त्यामुळे ते कार्ड चालत नाही, परत घासून बघा, वाला प्रसंग मला शिकवायची गरज नाही. पण तू ज्यावर बोट ठेवलं नव्हतंस ते मला दिसलं. त्यातली नायिका ऑफ्रेड आधी लायब्ररीत कामाला असते आणि काम काय, तर पुस्तकं कॉम्प्युटरच्या डिस्कवर चढवायची, जागा वाचते म्हणून. चढवून झाली की मूळ पुस्तकं कापायच्या मशीनमध्ये जायची, आणि ती त्यातली काही घरी घेऊन यायची.

चिऊ, १९८५ चं पुस्तक आहे हे. आमच्या विभागाचं स्कॅनिंग झालं तेव्हा तू बारावीत होतीस, आठवतंय? दोन मुलं आली, कानाला हेडफोन, पाच महिन्यांत सगळं संपवलं, चांगली होती पोरं, चहा प्यायची माझ्याबरोबर. पाठीमागची बाजू स्कॅन करायची नाही असं ठरलेलं, पैसे वाचतात, म्हणजे ज्या कात्रणांचा मजकूर उलट्या बाजूला चालू होता तो गेला. मी दोनदा सांगितलं. मग टेम्पो आला आणि रद्दी किलोवर गेली. काही पाकिटं मी पिशवीतून घरी आणली, वर माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहेत, बाबांना वाटतं त्यात जुन्या साड्या आहेत.

कागद हातात असण्याचं काहीतरी आहे. तुझ्या खोक्यात मी माझ्याकडून एक घातलंय, नारळीकरांची ती पानिपतची गोष्ट, गंगाधरपंतांची. तू म्हणशील ती कुठे डिस्टोपिया, बरोबर, नाहीच आहे, मराठे पानिपत जिंकतात असा इतिहास आहे तो, म्हणजे आपल्यासाठी उलटंच. पण बघ, शेवटी पंतांच्या खिशात काय उरतं? त्या दुसऱ्या इतिहासातल्या बखरीचं एक फाटकं पान, ज्यात विश्वासरावांना गोळी चाटून गेलेली आहे, लागलेली नाही. आणि विन्स्टनच्या हातात एकदा पेपरातला एक फोटो येतो, ज्याने सरकार खोटं बोललंय हे सिद्ध होतं, तो काही मिनिटं धरतो आणि घाबरून भिंतीतल्या भोकात टाकतो. पुढे तोच फोटो छळणारा त्याला दाखवतो, जाळतो, आणि म्हणतो मला असं काही आठवत नाही. नारळीकरांचा माणूस तो चिटोरा घेऊन मित्राकडे जातो, दोघं बसून वाद घालतात, गणित काढतात. किती भाग्यवान.

नेव्हर लेट मी गो वरून आपलं भांडण झालं होतं. तू म्हणालीस ही मुलं पळून का जात नाहीत, कुंपण नाही, पहारा नाही, गाड्या चालवतात, आपले अवयव काढून घेणार हे माहीत आहे आणि तरी आपल्या पायांनी जातात, मूर्ख आहेत. मी तेव्हा गप्प बसले कारण मी वाचलं नव्हतं. आता वाचलं. कॅथी पहिल्याच पानावर काय सांगते बघ परत. अकरा वर्षांच्या वर ती हे काळजीवाहूचं काम करतेय आणि तिच्या हाताखालचे डोनर शांत असतात, ती चांगली आहे तिच्या कामात, हे तिला आपल्याला सांगायचंय. ती पळणार नाही गं. तिला उद्या ड्यूटी आहे.

तू चौथीत होतीस. साहेब स्वतः खाली आले, जे कधी येत नसत, आणि एका बड्या माणसाच्या पाकिटातली दोन कात्रणं जरा बाजूला काढा म्हणाले, थोडे दिवसच. आवाज पण चढवला नाही, उलट माझ्या टेबलाच्या कडेला टेकून तुझी चौकशी केली. मी काढून दिली. ती परत आली नाहीत. रजिस्टरला ४१ होतं आणि पाकिटात ३९ राहिली, आणि मला असं अर्धवट आवडत नाही तुला माहितीय, म्हणून संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ब्लेड घेतलं, ४१ खरवडलं, नखाने घासून कागद गुळगुळीत केला, त्याच शाईने ३९ लिहिलं. खालची रेघसुद्धा हलली नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मनात काय आलं सांगू, वा, काय सुरेख जमलंय. ओगिल्वीच्या पानावर मी जी थांबले ती त्यामुळे.

त्या दोन कात्रणांत काय होतं ते मला आता आठवत नाही. खूप प्रयत्न केला. एकाला चौकट होती एवढंच डोळ्यासमोर येतं.

ते रजिस्टर पण ट्रंकेत आहे. दिवाळीला येशील तेव्हा काढून देईन. नुसतं बघून कळणार नाही, पान उजेडासमोर धरलंस की तिथे कागद पातळ झालेला दिसेल.

तुझी,
आई

ता.क. अ‍ॅटवूडच्या पुस्तकावर थोडं वरण सांडलंय, पुसलंय मी, पण दोन पानं चिकटली होती ती वाफेवर सोडवली. द रोड परत ने, मला घरात नकोय.