मुग्धास, ह्यू डाउडिंगविषयी

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

रडार आणि कंट्रोल रूमचा अभ्यास सुरू झाला असं फोनवर म्हणालीस, तेव्हापासून ह्यू डाउडिंगबद्दल लिहायचं मनात होतं. फायटर कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून लढाऊ विमानांना दिशा देण्याच्या कामाची घडी मुळात त्यांनी बसवली.

1936 साली ब्रिटनची फायटर कमांड, म्हणजे लढाऊ विमानांचा विभाग, उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. किनाऱ्यावरची रडार केंद्रं आणि दुर्बीण घेऊन आभाळ बघणारे निरीक्षक यांचे निरोप लंडनजवळच्या बेंटली प्रायरीत यायचे. तिथे खरंखोटं निवडून टेबलावरच्या नकाशावर मांडायचं आणि मगच विमानं उडवायची. उगाच गस्त घालून वैमानिक दमवायचे नाहीत, हा हिशोब.

मे 1940 मध्ये फ्रान्स कोसळत होता, तिकडून विमानांची मागणी थांबत नव्हती. 16 मे रोजी डाउडिंगनी हवाई मंत्रालयाला लिहिलं: देशाच्या रक्षणाला 52 स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) हव्यात असा अंदाज होता, आज 36 इतकंच बळ उरलंय. किती ठेवायचं ते ठरवा आणि त्यानंतर एकही विमान इंग्लिश खाडीपलीकडे जाणार नाही अशी हमी द्या. हे पत्र मी कितीदा वाचलं असेल! त्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा डेरेकही स्पिटफायर उडवत होता.

पुढे जर्मन विमानांशी ब्रिटनच्या आकाशात झालेली लढाई (बॅटल ऑफ ब्रिटन) जिंकली, पण हाताखालचे दोन ग्रुप कमांडर, पार्क आणि ली-मॅलरी, भांडत राहिले. पार्क लहान तुकड्या झटपट पाठवायचे. ली-मॅलरींना अनेक स्क्वाड्रन एकत्र करून तुटून पडायचं होतं, आणि त्या जमवाजमवीत वेळ जायचा. मला पार्कचं पटतं. पण दोघांना समोर बसवून निकाल देणं डाउडिंगचंच काम होतं. ते त्यांनी केलं नाही, आणि त्यांच्याविषयी एवढा आदर असूनही याबाबतीत मला त्यांची बाजू घेता येत नाही. 17 ऑक्टोबरच्या बैठकीत ली-मॅलरी आपल्या स्क्वाड्रन लीडर बेडरला घेऊन आले. डाउडिंग फारसं बोललेच नाहीत. त्यात रात्रीचे हल्ले थांबेनात, विमानातलं रडार अजून कच्चं. नोव्हेंबरमध्ये त्यांना पदावरून दूर केलं, पार्कना प्रशिक्षणाकडे धाडलं.

1941 मध्ये मंत्रालयाने या लढाईवर पुस्तिका काढली. तीत डाउडिंगचं नावसुद्धा नव्हतं. चर्चिलनाही ते खटकलं.

ली-मॅलरींच्या बाजूने तुमच्याकडे कोणी बोलतं का? त्यांचा मुद्दा काय, ते सविस्तर लिही.

तुझे
बाबा