लिस्बनला, अर्ध्या वाटेवर भेटू

एडिसन, न्यू जर्सी
१० फेब्रुवारी २०२६

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, ओंकारला अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर लिस्बनच्या सहलीचा विषय अर्धवट राहिला. अण्णा, तुम्ही "बघू" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. फोनवर तुमच्यापुढे माझं चालत नाही, कागदावर थोडं चालेल. सगळं वाचून मगच काय ते ठरवा.

मीराची बारावी जूनमध्ये संपते. इथे त्यालाच ग्रॅज्युएशन म्हणतात. शाळेच्या मैदानावर समारंभ होईल, पोरं झगा आणि चौकोनी टोपी घालून बसतील आणि नाव पुकारलं की मंचावर जातील. शेवटी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा, की झालं शिक्षण पुरं. समारंभ इथल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन. दादा लॅपटॉपवर लावून देईल. आई, तू तेव्हा उठशीलच, मला सांगायलाही नको.

तुम्ही दोघांनी इथे यावं अशी माझी फार इच्छा होती. पण आईच्या पायांची सूज बघून डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास नको म्हटलं, तेव्हा तो विषय मी मनातून काढून टाकला. मीराने मात्र काढला नाही. दिवाळीत प्रशांतने तिला विचारलं, बक्षीस म्हणून कुठे जायचं, सांग. तिच्या मैत्रिणी जपानला निघाल्यात. कुणी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आठवडाभर हॉटेलात राहणार आहेत. प्रशांतच्या मनात आइसलँड होतं. वहिनींनी स्वित्झर्लंड सुचवलं होतं, तेही आम्ही बघितलं, पण आठ माणसांचा तिथला खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. मीराने दोन दिवस घेतले आणि मग एका ओळीत सांगितलं: "जिथे आजी-आजोबा येऊ शकतील तिथे, आणि जमलं तर लिस्बन."

लिस्बन का, ते तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं अण्णा, कारण ते खूळ तिच्या डोक्यात तुम्हीच भरलंत. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही आलो होतो, तेव्हा तुम्ही तिला रोज सकाळी रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटावर न्यायचात. सातखणी बुरूज दाखवलात, त्याचे आता चारच खण उरलेत हेही सांगितलंत. पडक्या चर्चमध्ये उभं राहून, छप्पर नाही, भिंतीतून पिंपळ वर आलाय आणि मागे आपल्याच माडांच्या झावळ्या दिसतात, असा तिचा एक फोटो तुम्ही काढलात. तो इथे तिच्या टेबलासमोर लावलेला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या शेजारी तिने दुसरं चित्र लावलं. लिस्बनमधला कार्मोचा मठ. १ नोव्हेंबर १७५५ ला तिथे मोठा भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला, मग शहर जळलं. त्या मठाचं छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही, आठवण म्हणून नुसत्या कमानी आभाळाखाली तशाच ठेवल्यात. दोन्ही चित्रं मी किती तरी वेळ बघत उभी होते. दगड वेगळा, पण कमानीचा बाक तोच.

आणि मग कोर्लई. दादा आपल्याला साळावच्या पुलावरून पलीकडे घेऊन गेला होता. किल्ला बघून उतरलो आणि गावात एका दारात पाणी मागितलं. तिथली आजी नातवाला काहीतरी ओरडून सांगत होती. आपल्याला काही कळलं नाही. मीरा मात्र जागच्या जागी थांबली. शाळेत चार वर्षं स्पॅनिश शिकलेली पोर, तिला मधलेच दोन-तीन शब्द लागले. ती माणसं आपल्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीला "नॉ लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी त्या गावातल्या हजारभर माणसांनी ती बोली घरात टिकवून ठेवली आहे. त्या रात्री मीरा झोपलीच नाही. दुसऱ्या दिवशी, आई, तुझ्या स्वयंपाकघरात पिवळे कागद चिकटवत फिरली. तू ओरडलीस, "माझ्या परातीवर हे काय डकवलंय?" परात, बाल्दी, घमेलं, चावी, बटाटा, पाव, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. दादाचा पगार त्यांचा, मेस्त्री त्यांचा, बंदरावरचा मासळीचा लिलावही त्यांचाच. आणि हापूसमध्ये तर त्यांच्या आफोन्सो द आल्बुकर्कचं नाव बसलेलं आहे. चावीवरचा कागद तू अजून काढलेला नाहीस, परवा व्हिडिओत मला मागे खुंटीवर दिसला.

तिला कॉलेजात भाषाशास्त्र घ्यायचं आहे. प्रशांतला आधी पटत नव्हतं, आता पटलंय. मला वाटतं, त्याची सुरुवात त्या परातीपासून झाली.

आता तुमचा खरा आक्षेप. तुम्ही म्हणालात, "चिमाजीअप्पांनी ज्यांना हाकललं, त्यांच्या दारात आम्ही कशाला जायचं?" अण्णा, मला हे बोलणं लागलं, कारण ते खोटं नाही. वसईचा वेढा, १७३९ च्या मे महिन्यातला विजय, पुढच्या वर्षी रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती आले, हे सगळं तुम्ही आम्हाला रात्री अंगणात सांगितलंय. देवळं पाडल्याचं आणि माणसं बाटवल्याचंही सांगितलंय. मी मीरापासून त्यातलं काहीच लपवलेलं नाही. पण इतिहासकार पिसुर्लेकरांचं नाव मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. गोव्याच्या दफ्तरखान्यात बसून, पोर्तुगीजांच्याच कागदांतून त्यांनी मराठ्यांचा इतिहास काढला म्हणून तुम्ही किती कौतुकाने बोलायचात! मग नातीने पोर्तुगीजांचं दफ्तर जिथे आहे तिथे जायचं म्हटलं, तर ते तुमच्याच शिकवणीला धरून आहे. लिस्बनला "तोर्रे दो तोंबो" नावाचा त्यांचा राष्ट्रीय दफ्तरखाना आहे. आत बसून कागद चाळण्याएवढी ती अजून तयार नाही, पण इमारत बघायची आहे म्हणते. लिस्बनच्याच बेलेम भागात जेरोनिमोसचा मठ आहे, १५०१ साली बांधायला घेतलेला. मिरी-मसाल्याच्या व्यापारावर कर बसवून त्यातून त्याचा खर्च निघाला. वास्को द गामाची कबर तिथेच आहे. त्या मठासमोर तुम्ही तिच्या शेजारी उभे असावं, आणि तो पैसा कुठल्या किनाऱ्यावरून आला ते तुम्ही तिला मराठीत सांगावं, एवढीच माझी इच्छा आहे. तिथला मार्गदर्शक ते सांगेलच असं नाही.

आईसाठी वेगळं लिहिते. आई, २०१६ ची सिंगापूरची सहल मी विसरलेले नाही. रोज सहाला दारावर थाप, पाच दिवसांत चौदा ठिकाणं, आणि शेवटचे दोन दिवस तू बसमध्येच पाय वर करून बसून राहिलीस. त्या कंपनीची बाई तुझ्या देखत म्हणाली की म्हाताऱ्यांमुळे वेळ जातो. ते तू आम्हाला सहा महिन्यांनी सांगितलंस. तसं आता होणार नाही. कुठलीही टूर घेतलेली नाही. एकूण नऊ रात्री: सहा लिस्बनला एकाच घरात, तीन नाझरेला. लिस्बनचं घर लिफ्ट असलेलंच घ्यायचं, कारण ते गाव सगळं चढ-उताराचं आहे. एका दिवसात एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. बेलेमचा बुरूज तू बाहेरूनच बघ, आतला जिना अरुंद आहे.

नाझरे तुझ्यासाठी निवडलंय, आणि ते मीराने शोधलं. कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या बायका एकावर एक सात घागरे घालतात आणि मासे चिरून, खारवून, वाळूवरच्या जाळीच्या चौकटींवर उन्हात वाळत घालतात. मीराने मला व्हिडिओ दाखवला. एक म्हातारी मासे उलटे करत होती, दोन बोटांनी शेपूट धरायची आणि मनगटाला झटका. अगदी तू अंगणात सोडे उलटे करतेस तसं. मीरा म्हणाली, "आजी तिच्याशी बोलेल, बघ." भाषा नसली तरी तुम्ही दोघी बोलाल, याची मलाही खात्री आहे. आणि जून म्हणजे तिथे ताज्या तारल्यांचे दिवस. रस्त्यावर निखाऱ्यावर भाजतात, पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. तिखट तू तुझं बरोबर घे.

वाडीचं म्हणाल तर तारखा मी वाडी डोळ्यांपुढे ठेवूनच काढल्या आहेत. २६ जूनला निघायचं, ६ जुलैला परत. तोवर पाऊस लागलेला असेल, म्हणजे शिंपण्याचं काम नाही. सुपारीवर बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाआधी होऊन जाते, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे तुम्ही परत आल्यावर. मोरचूद आणि चुना दादा आधीच आणून ठेवेल. तो दहा दिवस मागे राहायला तयार आहे, पण मला ते नको आहे. वाडीवर शेजारच्या काकांची नजर असेल. दादानेही यायचं आहे.

मला माहीत आहे, निसर्ग वादळानंतर तुम्ही वाडी सोडून एक रात्रही बाहेर राहिलेले नाही. ३ जून २०२० ची ती संध्याकाळ मलाही विसरता येत नाही. विमानं बंद, मला येता येईना, दोन दिवस फोन लागेना. लागला तेव्हा तुम्ही काही न बोलता फोन फिरवून वाडी दाखवलीत. बारा वर्षांची मीरा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात एवढा उजेड कुठून आला?" सगळी सुपारी आडवी झाली होती, म्हणून आला होता. त्यानंतर तुम्ही एकट्याने रोपं लावलीत, झापांची सावली केलीत. आता ती धरायला लागली आहेत. दहा दिवस ती तुमच्यावाचून उभी राहतील अण्णा.

आता कामाचं. आईचा पासपोर्ट सिंगापूरच्या वेळचा, तो यंदा संपतो. नवीन करायला आत्ताच अर्ज टाका. युरोपच्या व्हिसाला पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा लागतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आपली मुदत सुरू झालेलीच आहे. निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५ ही लागू शकतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला जाऊन या. बोटांचे ठसे द्यायला तुम्हा सगळ्यांना स्वतः जावं लागेल. मांडव्याहून बोटीने गेलात तर आईला सोपं पडेल. फी माणशी ९० युरो, ती आणि तिकिटं आमच्याकडे. प्रवास विमा ३० हजार युरोंचा लागतो, तो मी इथून काढते. तुम्ही फक्त सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचे कागद आणि वाडीचा सातबारा इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवा. माणूस परत जाणार याची त्यांना खात्री हवी असते, आणि तुमच्या सातबाऱ्याएवढी पक्की खात्री दुसरी कुठली असणार!

पैशांवरून तुम्ही बोलाल, ते मी आधीच ओळखलंय. नाझरेच्या तीन रात्रींचं घर तुम्ही घ्या, सुपारीच्या पैशातून. मीराला तसंच सांगते, तिला आवडेल.

मुंबईहून एकदा विमान बदलावं लागेल. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवते. आई, त्यात लाजायचं नाही. लिस्बनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आम्ही इकडून सात तासांत पोचतो, आदल्या दिवशीच येऊन घर लावून ठेवू. तुम्ही बाहेर याल तेव्हा मीरा दारात उभी असेल. टोपी आणि झगा बरोबर आणणार आहे, तुमच्या पाया पडताना घालायला.

एक शेवटचं. लिस्बनच्या वाटा पांढऱ्या गुळगुळीत दगडांच्या आहेत, ओल्या झाल्या की घसरतात. आईच्या चपला तिथे चालणार नाहीत. रबरी तळव्याचे बूट मी इथून घेते. ओंकारला सांगा, संध्याकाळी, पायांवर सूज असताना, आजीचे दोन्ही पाय वहीच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा काढ आणि फोटो काढून मला पाठव. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नको.

तुमची,
नीलू