ग्रुप सोडलास ते ठीक, पण संत्या...

सोलापूर
24 जानेवारी 2026

प्रिय संतोष,

परवा फोनवर तू मला काही बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. इथं तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. "शिक्षकांचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप सोडले, आसपासच्या शाळांच्या केंद्राचा एकच ठेवलाय, तोही नोकरीपुरता," असं तू सांगितलंस आणि वर म्हणालास की शिक्षक आता शिकवायचं सोडून मोबाइलवर दुकान मांडून बसलेत. अर्धं मला पटलं बे. उरलेल्या अर्ध्यासाठी शाई खर्च करतोय.

आधी पटलेलं सांगतो. आपल्या फोनवर शिक्षकांचे म्हणून जेवढे ग्रुप आहेत, त्यातले बहुतेक शिपायाच्या घंटेसारखे आहेत. वाजली की पळायचं. "अति तात्काळ", "आजच 5 वाजेपर्यंत लिंक भरावी", "निरंक असल्यास निरंक कळवावे". पोषण आहाराची माहिती, यू-डायस, आधार जुळणी, मतदार यादी. त्यातून जागा उरली तर कुणाचा तरी वाढदिवस, मग पन्नास केक. पहाटे सूर्योदयाचं चित्र आणि खाली सुविचार. याला कुणी शिक्षकांचं नेटवर्क म्हणत असेल तर मी पण तुझ्या बाजूनं उभा राहीन. त्यात शिकणं कुठंच नाही, नुसती हजेरी आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणांचं म्हणशील, तर तेही तुला माहीत आहे. दीक्षा हे शिक्षणाचं पोर्टल 2017 ला आलं, निष्ठा हे शिक्षकांचं प्रशिक्षण 2019 ला, मग कोरोनात सगळंच त्या पडद्यावर गेलं. अभ्यासक्रम वाईट नव्हते, काही तर चांगले होते. पण व्हिडिओ चालू करायचा, आवाज बंद करायचा, फोन कट्ट्यावर ठेवून आपण भाकरी खायची आणि शेवटी प्रमाणपत्र काढून स्टेटसला टाकायचं, हे मी आजूबाजूला इतकं पाहिलंय की विचारू नको. नव्या शिक्षण धोरणात दर शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहे. तासांचा हिशोब लागेल रे. त्या तासांत एखादा मास्तर खरंच अडला होता का, आणि अडलेला सुटला का, ते कुठल्या रकान्यात भरणार?

आता माझ्या वर्गाचं ऐक. दक्षिण सोलापुरातली माझी शाळा तू पाहिलेली नाहीस. मंद्रूपच्या पुढं कन्नड सुरू होते म्हण. शाळा मराठी माध्यमाची, पण पहिली-दुसरीतली निम्म्याहून जास्त पोरं घरी कन्नडच बोलतात. मराठी कळते, भांडायला पण येते. गणितात मात्र एक गोष्ट मला कळेना. मी "त्रेचाळीस" म्हटलं की चांगली हुशार पोरं 34 लिहायची. "एकवीस" म्हटलं की 12. बेरीज बरोबर, वस्तू मोजणं बरोबर, नुसतं ऐकून लिहिताना उलटं. मी म्हटलं सराव कमी पडतोय, म्हणून पाढे, उजळणी, फळ्यावर रोज दहा संख्या. फरक शून्य.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे विचारायची सोय नव्हती. चहा-पोहे झाले की वेळापत्रकाप्रमाणं विषय पुढं सरकतात, आणि सगळ्यांसमोर "माझ्या पोरांना येत नाही" म्हणणारा मास्तर आपल्या खात्यात फार जगत नाही. तेव्हा आमचा एक छोटा ग्रुप होता, आजही आहे. पहिली-दुसरीला गणित आणि भाषा शिकवणारे, इतकीच अट. तिथं मी मुलांच्या वहीचं पान टाकलं, नाव झाकून, आणि लिहिलं की हे असं का होतंय ते मला कळत नाही.

रात्री अक्कलकोटकडच्या एका मॅडमचा व्हॉइस मेसेज आला. त्या स्वतः कन्नडभाषक. म्हणाल्या, "सर, कन्नडमध्ये मोजून बघा. इप्पत्तोंदु. वीस आधी, एक नंतर. नलवत्तमूरु. चाळीस आधी, तीन नंतर. तुमचं मराठी तीन आधी बोलतं, मग पोरगं तीन आधी लिहितं. त्याचं काय चुकलं?" संत्या, मी सोलापुरात जन्मलो, वाढलो, गल्लीत कन्नड-तेलुगू ऐकत मोठा झालो, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पाठोपाठ शहरातल्या पूर्व भागातल्या एका सरांनी लिहिलं की त्यांच्याकडच्या पद्मशाली घरांतल्या, तेलुगू बोलणाऱ्या पोरांचंही हेच, तेलुगूतही दशक आधी येतो. आणि एकोणऐंशी तर बघच. मराठीत त्या शब्दात ना सात ऐकू येतात, ना नऊ, ऐकू येतात ते ऐंशी.

मग दोन-तीन दिवस नुसतं हेच चाललं. कुणी म्हणालं आधी कन्नडमध्ये म्हणू द्या, अंक लिहू द्या, मग त्याचं मराठी नाव सांगा. कुणी म्हणालं कान बाजूला ठेवा, हाताला काम द्या. मी दोन्ही केलं. मालदांडी ज्वारीच्या धाटाच्या काड्या करून दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावले. चार गठ्ठे, तीन सुट्या. पोरगं कन्नडमध्ये म्हणतं, मांडतं, लिहितं, आणि मग मी म्हणतो, "याला मराठीत त्रेचाळीस म्हणतात बरं का." जादू झाली नाही, जानेवारीत अजून दोघं-तिघं उलटं लिहितात. पण आता ती स्वतःच थांबतात, गठ्ठ्यांकडं बघतात आणि खोडतात.

तुला 2019 चा जून आठवतो? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर पाच" अशी वाचनाची पद्धत दिली म्हणून केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर, एवढ्या मोठ्या गणिती, शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, जुनी नावं काही आम्ही काढून टाकलेली नाहीत. पण विनोद एकदा सुटले की कोण ऐकतंय? फॉरवर्ड करणाऱ्यांत आपणही होतो, तू आणि मी दोघंही, आठव. त्याच फोनवर, सहा वर्षांनी, त्याच प्रश्नाचं पोटातलं दुखणं मला एका मॅडमनं दोन मिनिटांत समजावलं. तर माझं म्हणणं एवढंच आहे, की फोनला शिव्या देऊन उपयोग नाही. हजार जणांसमोर माणूस विनोद करतो किंवा मिरवतो. वीस-पंचवीस ओळखीच्या, एकाच इयत्तेत घाम गाळणाऱ्या लोकांसमोर तो आपलं अडलेलं सांगतो. व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा 256 वरून 2022 मध्ये 512 आणि मग 1024 केली, तेव्हा ॲडमिन लोक खूश झाले होते. मला विचारशील तर शिक्षकांच्या ग्रुपला 30 च्या वर माणूस घेऊ नये.

तू रणजितसिंह डिसले सरांचं नाव घेऊन टोमणा मारलास, "सगळ्यांना आता तसलंच बक्षीस पायजे." ते मला आवडलं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीसारख्या वस्तीवरच्या शाळेतला माणूस 3 डिसेंबर 2020 ला दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ घेतो आणि तिथल्या तिथं निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकतो, ते आपल्या जिल्ह्यानं बघितलं. लोकांना रक्कम आठवते. मला त्याच्या आधीचं आठवतं. त्यांच्याही पोरांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक मराठी, म्हणून ते कन्नड शिकले, पुस्तकात क्यूआर कोड टाकून कविता आणि पाठ ऐकायची-बघायची सोय केली, मग ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली. स्काइपवरून त्यांनी परदेशातल्या वर्गांशी आपली पोरं जोडली. ते स्काइप गेल्या मे महिन्यात बंदसुद्धा पडलं. साधन गेलं, मुलाची भाषा मास्तरानं शिकायची ही गोष्ट राहिली. त्या डिसेंबरनंतर ज्यांनी नुसता ट्रायपॉड विकत घेतला त्यांच्यावर तू हस, मी पण हसतो.

आणि ट्रायपॉडवाल्यांवर माझा राग तुझ्याहून जास्त आहे. वाचता न येणाऱ्या पोराला कॅमेऱ्यासमोर उभं करून "बघा, तीन महिन्यांपूर्वी याला येत नव्हतं" असं दाखवणारे व्हिडिओ मला बघवत नाहीत. उद्या ते पोरगं दहावीत जाईल, कुणीतरी तो व्हिडिओ काढेल. वही-दप्तर वाटपाच्या फोटोत मध्ये दाता हसतोय आणि कडेला पोरगी मान खाली घालून उभी, हा फोटो तर प्रत्येक ग्रुपवर आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. आपल्याकडं पालकांना विचारतं कोण? आमच्या ग्रुपवर मुलाचा चेहरा टाकायचा नाही, वही टाकायची, नाव झाकायचं, हा पहिला नियम. शासनानंही गेल्या जुलैत कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल निर्णय काढला, आपण जिल्हा परिषदवालेही त्यात आलो. त्याची भीती घालून गप्प बसवणारे आहेत, पण मुलं गणितात कुठं अडतात हे विचारायला त्यात कुणी मनाई केलेली नाही.

दुसरं एक मला उशिरा दिसलं. मोठ्या ग्रुपवर मॅडम लोक गप्प का असतात? आमच्याच एका सहकारी शिक्षिकेनं सांगितलं, ग्रुपवर काही चांगलं लिहिलं की रात्री दहानंतर वेगळ्या नंबरवरून "छान लिहिता मॅडम, काय करताय?" नंबर सगळ्यांना दिसतो ना. म्हणून त्या वाचतात आणि लिहीत नाहीत. पहिली-दुसरी चांगली शिकवणाऱ्या निम्म्याहून जास्त त्याच, आणि ग्रुपवर ज्ञान देणारे आपण. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, जुनं शोधायलाही सोपं, म्हणून साहित्य आम्ही तिथं ठेवतो. ज्यानं असा एकदा मेसेज केला त्याला ॲडमिन मॅडम लगेच काढतात, चर्चा नाही.

पीडीएफ साठवणाऱ्यांबद्दल लिहीत बसत नाही. दुसऱ्याच्या कृतिपत्रिकेवरचं नाव पुसून स्वतःचं घालणाऱ्यांबद्दल पण नाही. पत्र खराब होईल.

गेल्या सप्टेंबरपासून मात्र आमच्या ग्रुपचा रंगच बदललाय. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ती पास नसलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या सगळ्यांना दोन वर्षांत परीक्षा पास होणं आलं. तुला काय वाटतं ते तू फोनवर सांगितलंसच, छापण्यासारखं नव्हतं. पण त्यातून एक गंमत झाली. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले, कायम उपदेश करणारे एक ज्येष्ठ गुरुजी एका रात्री ग्रुपवर विचारतात, "अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना उलटा करून गुणायचं हे मी पोरांना सांगत आलो. का करायचं ते कुणी सांगेल का?" पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एका नव्या पोरानं, नुकताच पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून लागलेला, कागदाच्या पट्ट्या कापून व्हिडिओ केला. अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे किती तुकडे बसतात, असं. गुरुजींनी खाली लिहिलं, "कळलं. उद्या वर्गात घेतो." टीईटीसाठी विचारलं होतं, गेलं वर्गात.

तर आता तुझ्याकडं मागणं. आमच्याकडं बहुवर्ग अध्यापनाचं फार अडलंय. पट, म्हणजे पोरांची संख्या, कमी होत चाललाय, एका खोलीत तीन इयत्ता बसतात, आणि आम्ही सोलापूरवाले चाळीस-पन्नासच्या वर्गात वाढलेले. तू रत्नागिरीत इतकी वर्षं एका खोलीत चार इयत्ता चालवतोस. दोघांपैकी एक मास्तर बैठकीला गेला की एकटा. चौथीला काम देऊन पहिलीकडं वळताना मधल्या वेळात दुसरी-तिसरी काय करते, फळ्याचे भाग कसे पाडतोस, मोठ्या पोरांना लहानांकडं कधी बसवतोस आणि कधी नाही, हे तू मला मागं दिवाळीत सिद्धेश्वर तलावाच्या काठावर तासभर सांगत होतास. ते माझ्या एकट्याच्या कानात पडून काय उपयोग? ग्रुपवर येऊ नको. तुला जमणार नाही, तू दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी भांडशील. फक्त एक व्हॉइस कर, पाच-सात मिनिटांचा, एका दिवसाचं वेळापत्रक सांग, आणि काय फसतं तेही सांग. तुझं नाव न घालता मी पुढं पाठवतो. लोकांचे प्रश्न आले की लिहून कळवीन. इथून त्या बदल्यात काय पाहिजे ते माग.

होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा जत्रा अजून चालू आहे. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला यंदा पण गर्दी खूप होती, धाकटा खांद्यावरून उतरायला तयार नव्हता. आईनं तुझ्यासाठी शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय, पुढच्या आठवड्यात आमच्याकडचे एक सर चिपळूणला चाललेत, त्यांच्याबरोबर देतो. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. व्हॉइस पुढच्या रविवारच्या आत कर, सोमवारी आमच्याकडं तीन इयत्तांचा वर्ग नव्या मॅडमच्या ताब्यात जातोय आणि त्या आत्तापासूनच घाबरल्यात.

तुझा,
राजू