बंदूक आहे हे आधी सांगावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या बैठकीत पेन्शनचा विषय आटोपल्यावर एक वाद निघाला आणि तो तसाच अर्धवट राहिला. परवान्याची बंदूक जवळ असताना रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली, तर आपण होऊन सांगावं की विचारेपर्यंत गप्प राहावं? बहुतेकांचं मत गप्प राहावं असंच होतं. मला ते पटलं नाही. या भागातल्या प्रत्येक परवानाधारकाशी या प्रश्नाचा संबंध आहे, म्हणून हे पत्र लिहितोय.

शहरातल्या वाचकांना कदाचित वाटेल, बंदूकवाले म्हणजे कोणी पुढारी नाहीतर गुंड. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, भात आणि ऊस राखणाऱ्या शेतकऱ्याकडं पीकसंरक्षणाचा परवाना असतो. रात्री गवे किंवा डुकरांचा कळप शिवारात उतरला की हवेत एक बार काढायचा, एवढंच त्या बंदुकीचं काम. दुसरे आम्ही. मराठा लाइट इन्फंट्रीतून किंवा दुसऱ्या पलटणीतून घरी आलेले आणि बँकेच्या दारात नाहीतर एटीएमच्या कॅशगाडीवर गनमन म्हणून उभे राहणारे. ती नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, स्वतःची लायसनची बारा बोअरची बंदूक आहे का?

आणि नाके म्हणाल तर आमच्या नशिबी भरपूर. चोर्ला रस्त्यावर गोव्याची दारू शोधायला गाड्या तपासतात. निपाणीजवळ कोगनोळीला, चंदगडकडं जाताना शिनोळीच्या वाटेवर, एक नोव्हेंबरच्या म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बंदोबस्त वाढतो. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. म्हणजे ज्या दिवसांत तपासणी सगळ्यांत कडक, नेमक्या त्याच दिवसांत शेतकरी बंदूक कापडात गुंडाळून मोटरसायकलवरून ठाण्याकडं निघालेला असतो.

गप्प राहा म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. सांगितलं की खाली उतरवतात, परवान्यात काहीतरी चूक शोधतात, ठाण्यात बसवून ठेवतात, बँकेची ड्युटी बुडते. विचारलं नाही तर निघून जाता येतं, मग आपणच का तोंड उघडायचं? कायदाही त्यांच्या बाजूने दिसतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसाने मागितला की परवाना दाखवावाच लागतो, दाखवता आला नाही तर तो शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. पण मागण्याआधी आपण होऊन सांगा, असं ते कलम म्हणत नाही.

तरीही मी सांगावं म्हणतो, कारण मी नाक्याच्या दुसऱ्या बाजूलाही उभा राहिलोय. काश्मीरमध्ये रात्रीच्या नाक्यावर समोरून गाडी आली की आतल्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, दिवे डोळ्यांवर असतात. आपण बघतो ते फक्त हात. हात दिसले की जीव खाली बसतो. एखादा हात सीटखाली गेला की आपलं बोट कुठं जातं ते मला पक्कं माहीत आहे. त्या क्षणी समोरचा माणूस सज्जन आहे की कोण, हे ठरवायला वेळच नसतो.

आमच्यातल्याच एका गनमनच्या वाट्याला हे इकडं आलं. कुठल्या नाक्यावर ते लिहीत नाही. तो काही बोलला नाही. शिपायाने बॅटरी मारून मागच्या सीटवरची घोंगडी उचलली, खाली नळी दिसली आणि तो ओरडला. बाकीचे धावत आले, याला कॉलर धरून खाली ओढलं. परवाना होता शर्टाच्या आतल्या खिशात, पण आता खिशाकडं हात न्यायची सोयच उरली नाही. हात नेला असता तर काय झालं असतं, याचा विचार त्याची बायको अजून करते. आधी एक वाक्य बोलला असता तर तोच परवाना त्या शिपायाने स्वतः मागून घेतला असता.

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. तिथं प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात पोलिसाने थांबवलं की परवानाधारकाने स्वतःहून सांगायचं. मिनेसोटात पोलिसाने विचारलं तरच सांगायचं. ओहायोत आधी लगेच सांगण्याची सक्ती होती, २०२२ पासून विचारल्यावर सांगितलं तरी चालतं. त्याच मिनेसोटात ६ जुलै २०१६ ला फिलँडो कॅस्टील नावाच्या तरुणाची गाडी थांबवली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा माणूस, बंदुकीचा परवाना असलेला. कोणी न विचारता त्याने अदबीने सांगितलं की जवळ बंदूक आहे. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी बसली होती. पोलीस म्हणाला, तो बंदुकीकडं हात नेतोय असं वाटलं. मैत्रीण म्हणाली, तो कागद काढत होता. २०१७ मध्ये ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं.

बैठकीत हेच उदाहरण माझ्यावर उलटवलं गेलं. बघा, सांगूनही मेला. मी यावर खूप विचार केला. तो मनुष्य बरोबर वागला होता, चूक सांगण्यात नव्हती. बंदुकीचं नाव कानावर पडल्यावर पुढं काय करायचं हे त्या पोलिसाच्या अंगात मुरलेलं नव्हतं. म्हणून माझं म्हणणं दोघांनाही उद्देशून आहे.

परवानाधारकाने गाडी थांबवावी, आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टेअरिंगवर किंवा हँडलवर ठेवावेत आणि कागदांना हात लावण्याआधी बोलावं. बंदूक खाली आहे, काडतुसं वेगळी आहेत, परवाना अमुक खिशात आहे, काढू का? हे विचारून, होकार आल्यावरच हात हलवावा. समोरचा शिपाई कन्नड बोलणारा असेल तर एवढं तरी यावं : 'साहेब्रे, नन कडे लायसन बंदूक ऐतिरी.' (साहेब, माझ्याकडं परवान्याची बंदूक आहे.) भाषेचा अभिमान मलाही आहे, सीमाप्रश्नाच्या मोर्चात मीही चाललोय. पण रात्री दहाला बंदूकधारी शिपायासमोर त्याला कळणं महत्त्वाचं. आणि ज्या नाक्यांवरून मराठी गावं ये-जा करतात, तिथं मराठी समजणारा एक तरी शिपाई ठेवावा, ही मागणीही तितकीच रास्त आहे.

परवाना कुठवर चालतो ते त्यावर लिहिलेलं असतं, ते एकदा नीट वाचा. आमच्याकडं बांध ओलांडला की महाराष्ट्र लागतो. परवाना कर्नाटकापुरता असेल तर शिनोळीला बंदूक नेऊ नये. अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे आणि तिथं खरं बोलण्याने सुटका होत नाही.

आता पोलिसांना विनंती. माझी बंदूक डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहीत आहे, ठाण्याला माहीत आहे, केंद्राच्या यादीत परवान्याला क्रमांक आहे. भीमगड अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे वन खात्याकडंही नोंद करावी लागते. ठाऊक नसतं ते फक्त नाक्यावर बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला. तेव्हा कोणी आपण होऊन सांगितलं, तर त्याला संशयित धरू नये. त्याला शांतपणे खाली उतरू द्यावं, परवाना बघावा आणि शस्त्राला हात लावण्याची गरज नसेल तर लावू नये. आमच्याकडं अजून ठासणीच्या, म्हणजे नळीतून दारू ठासून भरायच्या बंदुका आहेत. तशी बंदूक भरलेली आहे की नाही हे नव्या शिपायाला बाहेरून कळत नाही आणि रस्त्यावर ती उलटीपालटी करून बघणं त्याच्याच जिवाला धोक्याचं आहे.

बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी एक पानाची सूचना कन्नड आणि मराठीत छापावी. परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती प्रत्येकाच्या हातात द्यावी आणि नाक्यावर जाणाऱ्या शिपायांना वाचून दाखवावी. पुढच्या निवडणुकीत बंदुका जमा करण्याचा हुकूम निघण्याआधी हे व्हावं. मजकूर तयार करायला आम्ही माजी सैनिक केव्हाही ठाण्यात येऊन बसायला तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)