कार्तिक वद्य प्रतिपदा : एका निवृत्त सुभेदारांना आभाराचे पत्र

आदरणीय सुभेदारसाहेब,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही लिहायचे नाही ही आपली ताकीद मी पाळतो आहे. आभार मात्र चारचौघांत मानायचे हा माझा हट्ट आपण मोडू नये. खासगीत मानलेले आभार आपण चहाच्या कपाबरोबर बाजूला सारता, हे मी पाहिले आहे.

आपण दिलेल्या कागदावर तसा मजकूर थोडाच होता. माझ्या पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि तालुका, पलटण ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि मृत्यूची तारीख २२ नोव्हेंबर १९१५. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची दफ्तरे सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींतून आपण हे कसे शोधले, इंग्रज कारकुनाने मोडतोड करून लिहिलेल्या गावनावात आमचे गाव कसे ओळखले, हे विचारले तेव्हा आपण “बसून बघितलं की सापडतं” एवढ्यावर विषय मिटवलात. पण त्या तारखेखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आपण आणखी एक ओळ लिहिली होती : ‘कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८३७’. ती आपल्याकडे कोणी मागितली नव्हती. माझे वडील बाकीच्या कागदावरून नुसती नजर फिरवून त्या ओळीपाशी थांबले आणि पुढे बराच वेळ त्यांना बोलता आले नाही.

ज्या घरात माणूस कधी गेला हेच ठाऊक नसते, त्या घराला त्याची तिथी नसते. पहिल्या महायुद्धात पणजोबा आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेले तेव्हा माझे आजोबा रांगत होते. त्यानंतर गावात जे कळले ते एवढेच, की पलटण तिथल्याच कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली, घोड्याच्या मांसावर दिवस काढायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर उरलेल्यांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेले. त्यामुळे पणजोबा उपासाने गेले, तापाने गेले, गोळीने गेले की कैदेत गेले, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. शस्त्राने गेलेल्याचे श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला घालतात, परंतु शस्त्राने गेले असे छातीठोकपणे सांगणाराही कोणी परत आला नाही. म्हणून त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांबरोबर वाढले जाई. ते वाढताना पणजी दर वर्षी म्हणत, “ह्यांचं म्हणून येगळं कायच न्हाई का?” वडिलांनी हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकले आहे की आजही ते पणजीच्याच आवाजात म्हणून दाखवतात.

युद्धानंतर काही वर्षांनी सरकारकडून ब्राँझची एक जाड, गोल चकती घरी आली होती. मेलेल्या सैनिकांच्या घरी ती पाठवण्याची तेव्हा पद्धत होती. तिच्यावर नाव होते. हुद्दा नव्हता आणि तारीखही नव्हती. १९७२ च्या दुष्काळात ती तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर मोडीत गेली, आणि त्या काळात आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतून काय काय मोडीत गेले हे आपल्याला मी सांगायला नको.

आपल्या कागदाने पहिली गोष्ट केली ती ही, की पणजोबांना कुतच्या वेढ्यातून बाहेर काढले. वेढा पडला ७ डिसेंबरला; ते त्याच्या दोन आठवडे आधीच, बगदादच्या अलीकडे, टेसिफोनच्या लढाईत पडले होते. जनरल टाउनशेंडची ६ वी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी, पुरेशी कुमक नसताना बगदादच्या रोखाने पुढे ढकलली गेली आणि त्या एका लढाईत मेलेल्या-जखमी झालेल्यांची संख्या चार हजारांवर गेली. जखमींना नदीवरच्या बोटींपर्यंत नेण्यासाठी स्प्रिंगा नसलेल्या खेचरांच्या गाड्या होत्या. या साऱ्या अनागोंदीवर विलायतेत चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. खटाव-माणच्या घरांपर्यंत यातले अक्षरही पोहोचले नाही.

आपण वडिलांना हे सगळे सांगत होता, तेव्हा आदल्या रात्री फौज चालत पुढे गेली ती पौर्णिमेच्या चांदण्यात, असे सहज म्हणून गेलात. वडील म्हणाले, “म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा. आजी त्या रात्री देवळात वाती लावत असणार.” आपण त्यावर काही बोलला नाहीत, घाईने पुढच्या मुद्द्यावर गेला नाहीत, की घड्याळाकडेही पाहिले नाही. ज्यांच्याकडे आम्ही आपल्याआधी गेलो होतो, त्यांच्याविषयी याच ठिकाणी लिहिणे मला भाग आहे.

एका कार्यालयात आम्हाला “शंभर वर्षांपूर्वीचं आता कुठं काढता, त्यावर काही मिळत नाही” असे ऐकवले गेले. वडिलांनी काही मिळवण्यासाठी आलो नाही असे सांगितल्यावर समोरच्याचा संशयच वाढला. इतिहासाचे काम करतो म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी आगाऊ पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. एका पुढाऱ्यांनी तर गावातल्या महायुद्धाच्या स्मृतिदगडापाशी उभे राहून भव्य स्मारकाची घोषणा केली, हार घातला, फोटो काढून घेतला. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच कार्यकर्त्यांनी त्या दगडावर पक्षाचे चिन्ह रंगवले. रंग चांगल्या प्रतीचा असावा, अजून गेलेला नाही.

तो दगड आपण स्वतः ओल्या फडक्याने पुसून वाचलात. असे दगड सरकारने त्या युद्धानंतर पुष्कळ गावांत बसवले : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले. दोन्ही ठिकाणी आकडेच. बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच गत आहे, हे आपल्याकडूनच समजले. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावे आहेत, म्हणजे नावे कोरणे अशक्य होते असे मुळीच नाही. हा भेदभाव झाला हे कमिशनने स्वतःच्या अहवालात मान्य केले ते २०२१ मध्ये. १९९७ मध्ये इराकचा राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेन याच्या हुकमाने ते सगळे स्मारक बसऱ्याच्या गोदीजवळून उचलून वाळवंटात नेऊन उभे केले गेले, तेव्हा आमच्या माणसाचा तिथला आकडाही त्याच्याबरोबर हलला, एवढेच म्हणायचे.

पणजोबा साम्राज्यासाठी लढले, त्यांचे आपल्याला काय, असे म्हणणारे आहेत आणि त्यांतले काही शिकलेले आहेत. माझे त्यांच्याशी फारसे भांडण नाही. पोटासाठी पलटणीत गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने ती लढाई निवडली नव्हती, आणि लढाई कोणाचीही असो, त्याच्या घरी त्याची तिथी कळवायला हवी होती. हे काम त्या वेळच्या सरकारने केले नाही, नंतरच्यांनी केले नाही. ते पेन्शनीत निघालेल्या एका सुभेदाराने, स्वतःचे जुने पंचांग काढून, शिसपेन्सिलीने केले. सज्जनपणा म्हणून ज्याची आपण सभांतून आरती करतो तो प्रत्यक्षात बहुधा असाच असतो : मागितल्यापेक्षा एक ओळ जास्त लिहितो आणि तिच्याबद्दल बोलू देत नाही. आपण पैसे घेतले नाहीत, शाल-श्रीफळाला हात लावला नाहीत. इतकेच म्हणालात की एका घराचे नाव सापडले म्हणून एका घराचा फलक नको, दगडावरच्या आकड्यात जेवढे आहेत तेवढी सगळी नावे एकदमच लागावीत. म्हणूनच पणजोबांचे नावही मी या पत्रात लिहिलेले नाही.

त्या दृष्टीने काम चालू आहे. गावातल्या दोन घरांनी जुने कागद काढून दिले आहेत, एका घरचे लोक मुंबईला असतात आणि ते दिवाळीला येताना आपल्या आत्याला घेऊन येणार आहेत, कारण तिला काही आठवते असे म्हणतात. ग्रामपंचायतीने फलकाच्या जागेला तोंडी होकार दिला आहे. लेखी ठरावासाठी मी मागे लागलो आहे. ज्यांचा पत्ता लागलेला नाही त्यांची यादी या पत्रासोबतच्या पाकिटात वेगळी ठेवली आहे, गावनावाची जुनी स्पेलिंगेही खाली दिली आहेत, आणि सवड होईल तशी आपण ती पाहावी, घाई नाही.

येत्या कार्तिक वद्य प्रतिपदेला आमच्याकडे पणजोबांचे पान प्रथमच वेगळे वाढले जाईल. वडील आपल्याला आणायला सकाळी गाडी पाठवणार आहेत. बाकी सगळ्याला आपण नाही म्हणालात, या जेवणाला म्हणू नये.

आपला ऋणी,
एक पणतू, तालुका खटाव, जिल्हा सातारा