अर्ध्या कोयत्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्रे नोकऱ्या खाणार का, ही चर्चा वर्तमानपत्रांतून पुण्याच्या आयटीवाल्यांभोवतीच फिरताना दिसते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोड मजुरांच्या गावांत, हा प्रश्न हार्वेस्टरवर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या यंत्रावर, बसून केव्हाच आला आहे. 2023 मध्ये राज्याने 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान द्यायचे ठरवले. किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांपैकी कमी असेल ते. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या मजुरांच्या टोळ्या येत नाहीत, तुरे आले तरी ऊस फडात उभा राहतो, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. 

मला बोलायचे आहे ते हिशेबाविषयी. रोजगाराचे आकडे माणशी मोजले जातात. ऊसतोडीत मोजमाप कोयत्याचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. उचल जोडीवर ठरते, पण मजुरांची टोळी जमवणारा मुकादम ती ठेवतो नवऱ्याच्या हातावर. तो तोडतो, ती पाचट, म्हणजे वाळला पाला, काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आलेल्या पैशांत रोजचे मीठ-मिरची भागते. हार्वेस्टर शेंडे छाटून फडातच टाकतो, म्हणजे तेही गेले. जोडीतल्या नवऱ्याला निदान ट्रॅक्टरवर बसायची आशा असते. बाईला स्टेअरिंग कोण देणार?

हे नुसते माझे रडगाणे नाही. फरझाना आफ्रिदी, मोनिशंकर बिश्नू आणि कनिका महाजन या अर्थतज्ज्ञांनी 1999 ते 2011 या काळातील भारतीय शेतीचा अभ्यास केला. ट्रॅक्टरची नांगरट वाढली तसे बायकांचे काम पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त घटले. यांत्रिकीकरणामुळे झालेली ही घट त्यांच्या अंदाजाने 22 टक्क्यांहून अधिक. कारण कुणाच्या चटकन लक्षात येणार नाही असे आहे. नांगरट खोल झाली की तण कमी उगवते, आणि खुरपणी असते बायकांकडे. यंत्र आले नांगराच्या जागी, काम गेले खुरप्याचे.

कोयता सुटूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. बीड जिल्ह्यात 13 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आले. पाळीच्या दिवसांतही एका खाड्याचा दंड भरावा लागणारे हे काम कुणाच्या लेकीसुनेच्या नशिबी येऊ नये. पण ते सुटताना घरात येणाऱ्या पैशाचे काय होते, हे कुणी पाहायचे? जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तिचे आम्ही स्वागत केले. ती टनामागे आहे. टनच यंत्राने नेले तर वाढ कशावर घ्यायची?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले आहे. ऊस यंत्राने तोडला म्हणून हे 10 रुपये चुकत नाहीत. तेव्हा महामंडळाने अनुदानित यंत्रामागे किती कोयते कमी झाले आणि ते कोणत्या गावचे, याची नोंद ठेवावी. जोडीतल्या बाईची नोंदणी स्वतंत्र असावी, पैसेही तिच्या स्वतःच्या खात्यावर यावेत. नाहीतर उद्या भरपाईचा विषय निघालाच, तर तीही एकाच हातावर पडेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होणे हे आमच्या अंगवळणी पडले होते. आमच्या गल्लीतल्या एका जोडीला यंदा मुकादमाने बोलावले नाही. नवरा पुण्याला बांधकामावर गेला आहे. मुलगा पहिल्यांदाच ऐन हंगामात रोज शाळेत दिसतो. त्याची आई मात्र दर चार-आठ दिवसांनी दारात येऊन विचारते, "गुरुजी, रोजगार हमीचं काम कधी निघंल?"

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. धारूर, जि. बीड