साहेब, पोरांना एकदा विचारा तरी, तुला काय काढायचंय?

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला ड्रॉइंगचा सर आहे, १९ वर्षं झाली. हे पत्र अकरावी-बारावीच्या पोरांसाठी लिहितोय, जी माझ्याकडं नसतातच, दहावी झाली की माझा आणि त्यांचा संबंध सुटतो. मागणं एकच आहे ते आधीच सांगून टाकतो. अकरावी-बारावीला असा एक विषय सुरू करा ज्यात पोरगं स्वतःचा एक प्रश्न धरून वर्षभर स्वतःची चित्रं करेल, केलेलं सगळं, फसलेलं पण, जपून ठेवेल, आणि त्या पोर्टफोलिओलाच मार्क मिळतील.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलीनं तिथं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी एपी ड्रॉइंग घेतलं. एपी म्हणजे कॉलेज बोर्ड नावाची संस्था चालवते ते वरच्या पातळीचे कोर्स, शाळेत बसूनच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास. बाकी बहुतेक विषयांना मे महिन्यात पेपर असतो, आर्टला पेपरच नाही, वर्षभरात केलेलं काम अपलोड करायचं. त्यात ६० टक्के वजन एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करत केलेल्या कामाला, त्याच्या १५ इमेज द्यायच्या, आणि त्या १५ सगळ्या पूर्ण झालेल्या चित्रांच्याच पाहिजेत असं काही नाही, कच्ची स्केचेस, ट्रायल, फसलेलं काम, हे पण देता येतं कारण पोरगं कुठून कुठं गेलं ते त्यांना बघायचं असतं. उरलेले ४० टक्के स्वतः निवडलेल्या ५ कामांना. सोबत दोन बारकी टिपणं, तुझा प्रश्न काय होता आणि करता करता सुधारत कसा गेलास, एकेक ६०० अक्षरांच्या आत, म्हणजे आपण व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकतो तेवढंच.

भाचीनं पहिल्यांदा घराच्या दाराशी पडलेल्या चपला-बुटांचं चित्र काढलं. पेन्सिल शेडिंग, एकदम सफाईदार, मी तर व्हिडिओ कॉलवर बघूनच म्हणलं ए ग्रेड. तिच्या टीचरनं बघितलं आणि विचारलं, छान आहे, पण तुला यातून शोधायचंय काय? त्या रात्री तिचा फोन आला, "मामा, चित्राचा प्रश्न म्हणजे काय असतो?" साहेब मला उत्तर देता आलं नाही. एवढी वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, त्याआधी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, केला, पण हा प्रश्न मला माझ्या कुठल्याच सरांनी विचारला नव्हता आणि मी पण माझ्या एकाही पोराला विचारला नव्हता.

मग तिचं तिलाच सापडलं. आमची आई सहा महिने तिकडं असते, सहा महिने इकडं गावाला. आई इकडं परत आली की तिकडं दाराशी तिच्या चपलेची जागा रिकामी पडते आणि महिनाभर तिथं कोणीच चप्पल काढत नाही, मुद्दाम नाही, सहजच, हे पोरीच्या लक्षात आलं. तिचा प्रश्न झाला की चपला बघून घरात कोण आहे आणि कोण गेलंय ते कळतं का. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं तिनं सगळ्यांच्या चपलांच्या तळव्यावर कागद ठेवून कोळसा घासला. आईच्या डाव्या चपलेची टाच एका बाजूनं पार झिजलेली निघाली, तिचा डावा गुडघा दुखतो, हे आम्हाला कुणालाच चपलेत दिसलं नव्हतं. मग तेच ठसे किराणा येतो त्या तपकिरी कागदी पिशव्यांवर शाईनं छापले. चार वेळा शाई पसरली, कागद फाटला. ते फाटलेले पण फोटो काढून तिनं पोर्टफोलिओत टाकले. तिला ५ पैकी ४ मिळाले. पण मार्कांचं सोडा, त्या वर्षात ती पोरगी बघायला शिकली, हे मी तिचा मामा म्हणून नाही, ड्रॉइंगचा सर म्हणून सांगतोय.

आता आमच्याकडचं सांगतो, आणि यात मी पण दोषी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आपल्या शासकीय रेखाकला परीक्षा, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षीचं डिझाईन, भूमिती-अक्षरलेखन, दोन दिवसांत पेपर उरकायचे. या परीक्षेनं खेड्यापाड्यात चित्रकला जिवंत ठेवली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या हातात पहिल्यांदा ब्रश आला तो या परीक्षेमुळंच. पण स्मरणचित्र आम्ही शिकवतो कसं? एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई, एक सायकलवाला, एक पोराचा हात धरलेला माणूस, मागं झाड, बाजूला कौलारू घर, एवढं पाठ करून घेतो. मग पेपरात बाजार येऊ दे नाहीतर बसस्टँड येऊ दे, तीच बाई तोच सायकलवाला. नावाला स्मरणचित्र, पण पोराच्या स्वतःच्या आठवणीतलं त्यात काहीच नसतं. मी हेच करून घेतलं कारण त्यानं ग्रेड येते, आणि ग्रेड आली की दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक खूश, मुख्याध्यापक खूश.

माझा एक विद्यार्थी होता, त्याच्या वडलांचं वेल्डिंगचं दुकान. हा पोरगा दुकानात बसून वहीत काय काढायचा तर खिडक्यांच्या ग्रील आणि गेटच्या जाळ्या, गावातल्या प्रत्येक घराची वेगळी, कुठल्या घराला कमळ, कुठल्या घराला नुसत्या उभ्या सळया, आणि शेजारी लिहायचा की हे घर कधी बांधलं, कुणी बांधलं, मुंबईच्या पैशातलं की उसाच्या. एक पूर्ण २०० पानी वही भरलेली. ही वही म्हणजे तयार पोर्टफोलिओ होता साहेब, अख्ख्या गावाचा इतिहास लोखंडात वाचलेला होता त्या पोरानं, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी त्याला सांगितलं की ही वही बाजूला ठेव आणि संकल्पचित्राची प्रॅक्टिस कर. संकल्पचित्रात त्याचा रंग भरून पूर्ण झाला नाही, सी ग्रेड आली. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात चित्रकला हा विषयच नव्हता, बोर्डाच्या यादीत आहे पण आमच्या आसपास कुठं चालू नाही, त्यानं सायन्स घेतलं, बारावीला दोन विषय राहिले. वही रद्दीत गेली असं त्याच्या आईनं सांगितलं. मला ते वाक्य अजून विसरता येत नाही.

आणि समजा त्यानं बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीला, जायचं ठरवलं असतं तरी पुढं सीईटी ही प्रवेश परीक्षा, तिथं परत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान. म्हणजे आठवीपासून बारावीपर्यंत पोराला घड्याळ लावून बसवायचं आणि आम्ही सांगू ते काढ म्हणायचं. तुला काय काढायचंय हे आमच्या सिस्टीममधे कुणीही, कुठल्याही वर्षी, एकदाही विचारत नाही.

कुणी म्हणेल हे परदेशातलं फॅड इकडं कशाला. मला ते बिलकुल पटत नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकून कोल्हापूरला परत आले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ, तोच परिसर वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, एकाच प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे दुसरं काय असतं? चित्रकार प्रभाकर बरवे रोजनिशीत स्केच आणि टिपणं करत राहायचे, विचार कसा पुढं सरकला ते त्यात दिसतं. जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकातली वारली चित्रकला कागदा-कापडावर आणली आणि त्यात स्वतःचं बघणं घातलं, पुढं २०११ ला पद्मश्री मिळाली. जे.जे. १८५७ पासून आपल्याकडं आहे. ही आपलीच माणसं, आपलीच रीत आहे, फक्त शाळेच्या वेळापत्रकात ती कधी आली नाही.

आणि अगदी भारताबाहेरच बघायला पाहिजे असंही नाही. सीबीएसईला बारावीच्या पेंटिंगमधे ७० मार्कांचं प्रॅक्टिकल असतं त्यात २० मार्क पोर्टफोलिओचे आहेत. कमी आहेत, पण आहेत. आपलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधे स्पष्ट लिहिलंय की कला आणि विज्ञान, अभ्यासाचा विषय आणि अवांतर विषय, यांच्यात पक्की भिंत नको. मग ती भिंत आमच्या तालुक्यात अजून उभी का आहे?

तुमचे अधिकारी म्हणतील पोरं इंटरनेटवरून कॉपी मारतील, क्लासवाले पोर्टफोलिओ करून विकतील, आणि आता तर एआय आलंय. भीती खरी आहे, मला पण आहे. पण कॉपी पकडायची जागा शेवटचं चित्र नाहीच, कॉपी पकडली जाते प्रोसेसमधे. एपीत एआय टूल वापरायला सरळ बंदी आहे आणि दुसऱ्याच्या फोटोवरून किंवा चित्रावरून काही घेतलं तर ते सांगावं लागतं आणि त्याच्या पुढं जाऊन स्वतःचं काहीतरी करावं लागतं. आपण त्यात एक भर घालू, दहा मिनिटांची तोंडी. बाहेरचा परीक्षक येईल, वही उघडेल आणि विचारेल, हे पान का फाडलंस, इथं कोळसा सोडून गेरू का घेतलास. ज्यानं केलंय तो सांगतो, थांबवता येत नाही त्याला. विकत घेतलेल्या वहीबद्दल कुणालाही दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर महागडे कलर, कॅनव्हास यातलं काही नको. गेरू, चुना, चुलीतला कोळसा, रद्दी, सिमेंटची रिकामी पोती, आणि फोटो काढायला घरातला कुणाचा तरी मोबाईल. अमेरिकेतल्या त्या परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आहे, ती पद्धत मला नकोच आहे, आपला विषय फुकट आणि मराठीत पाहिजे, टिपण पण मराठीत, आणि पोराला घरातली बोली जवळची असेल तर त्या बोलीत लिहू दे.

खरा अडथळा माणसांचा आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला १०० च्या वर पोरं असतील तर कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितलाय, अर्धवेळ, तो पण सगळीकडं दिसत नाही, आणि अकरावी-बारावीला तर विचारूच नका. किती कॉलेजात कलाशिक्षक आहे हे खात्यानं एकदा मोजून जाहीर करावं. एका कॉलेजला पूर्ण पद परवडत नसेल तर तीन-चार कॉलेज मिळून एक कलाशिक्षक द्या, आठवड्याला एकेक दिवस. पोर्टफोलिओच्या विषयाला रोज तास लागत नाही, पोरांना सलग तीन तास पाहिजेत आणि मग आठवडाभर एकटं सोडलेलं पाहिजे.

अजून एक, आणि यात तुम्हीच काहीतरी करू शकता. ग्रेड परीक्षा कला संचालनालय घेतं, ते उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडं, शाळा तुमच्याकडं, बीएफएची प्रवेश परीक्षा सीईटी सेलकडं. तिघांना एका टेबलाला बसवा. बारावीला केलेला पोर्टफोलिओ बीएफएच्या प्रवेशाला थोडा तरी धरला जाईल एवढं झालं तर पालक स्वतःहून पोरांना हा विषय देतील, मला कुणाला समजवत फिरावं लागणार नाही. सगळीकडं एकदम नको, आधी जिल्ह्याला दोन-तीन कॉलेजात दोन वर्षं करून बघा, त्यात एक तरी आश्रमशाळेचं ज्युनिअर कॉलेज असू दे.

यंदा मी वाट न बघता नववीच्या ९ पोरांना घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर सुरू केलंय. ग्रेड परीक्षेची तयारी वेगळी, हे वेगळं. पहिले तीन शनिवार कुणालाच प्रश्न सुचेना, सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले, सर तुम्हीच सांगा ना काय काढू. मी सांगितलं नाही, अवघड गेलं मला. चौथ्या शनिवारी एक पोरगी म्हणली की आमच्या विहिरीच्या आत दगडावर पाण्याच्या रेषा आहेत, दरवर्षीची वेगळी, त्या काढू का. एक जण आजोबांच्या दाढीचं सामान काढतोय, आजोबा गेले पण आरसा अजून त्यांच्याच उंचीला टांगलेला आहे. एक पोरगं अजून अडकलंय, त्याची वही कोरी आहे, पण येतो दर शनिवारी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही हे सगळं वर्गाच्या भिंतीला लावणार आहोत, फसलेलं धरून. तुमचा दौरा इकडं असेल तर या, भाषण नको, हार-तुरे पण नाही करणार आम्ही, फक्त एकेका पोरासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि विचारा हे का केलंस. विहिरीवाली पोरगी तुम्हाला २०१८ ची रेषा कुठली ते बोट ठेवून दाखवेल, वडलांना विचारून लिहून ठेवलंय तिनं. तिच्या प्रगतीपुस्तकात या कामाला रकाना नाही. पुढच्या वर्षी ती दहावीला जाईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी अकरावीला, म्हणजे तुमच्याकडं दोन वर्षं आहेत.

आपला,
एक ड्रॉइंगचा सर, सातारा जिल्हा